मोघ्यांच्या बेसमेंटमधलं कॅलाबारचं भांडण

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या प्रतापराव मोघ्यांना माणसामाणसांत फरक दिसत नसे. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारायच्या आधी सांगत. नवीन मराठी माणूस मिशिगनात उतरला, की पहिल्या रविवारी मोघ्यांकडे पोह्यांना ठरलेला. बशी हातात पडायच्या आत प्रश्न सुरू व्हायचे. आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले? आणि एवढ्याने अंदाज लागला नाही तर, गावात घर कुठल्या बाजूला? पाहुण्याने या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, की प्रतापराव निवांत होऊन खुर्चीत मागे टेकायचे आणि म्हणायचे, "आपल्याला काय हो, सगळे सारखेच!"

माणूस वाईट नव्हता. चिपळूणकडच्या एका खेड्यातून पुण्याला, पुण्याहून सत्तर साली डेट्रॉइटला, आणि तिथे जन्मभर मोटारींच्या सीटा डिझाइन करण्याचं काम. "निम्मी अमेरिका मी काढलेल्या रेघेवर बसते," असं ते म्हणत. ते खरंही होतं, फक्त बसणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. हौस मात्र त्यांना सीटांची नव्हती. हौस होती सत्काराची. क्लॉजेटमध्ये शालींची एक अख्खी बॅग. नारळ मेक्सिकन दुकानातून यायचे. कोणी रिटायर झालं, कोणाच्या मुलीला मेडिकलला अ‍ॅडमिशन मिळाली, कोणी भारतातून नुसतं आठ दिवसांसाठी येऊन गेलं, तरी प्रतापराव शाल घेऊन उभे.

या हौसेपायी ट्रॉयच्या मराठी मंडळाचे दोन तुकडे झाले होते. एका वार्षिक संमेलनात दोन डॉक्टरांचा सत्कार होता, डॉक्टर सोमण हृदयाचे आणि डॉक्टर वैद्य हाडांचे. प्रतापरावांनी सोमणांचं नाव आधी पुकारलं. वैद्य उठले, त्यांच्यामागे त्यांची माणसं उठली, आणि जाताना श्रीखंडाचा डबाही गेला. "मी सरळ अक्षरानुक्रमाने घेतलं," प्रतापराव घरी येऊन म्हणाले. उत्तराकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भांडी डिशवॉशरमध्ये लावत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मराठी लावलात की इंग्रजी? मराठीत व आधी येतो." तेव्हापासून त्या गावात गणपती दोन. भाड्याने घेतलेली शाळा तीच, कॅफेटेरिया तोच, फक्त शनिवार वेगवेगळे.

आता प्रतापरावांच्या डाव्या हाताला, कुंपणापलीकडे, एफिओम नावाचे गृहस्थ राहत. फार्मासिस्ट, उंचेपुरे, रविवारी चर्चला जाताना टोपी अशी घालत की आपल्याकडच्या नवरदेवाने फेट्याची लाज बाळगावी. ते नायजेरियाचे, समुद्राकाठच्या कॅलाबार शहराचे. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला अन्सा नावाचे दुसरे गृहस्थ. बुटके, रुंद, मिस्कील. ते एका प्लॅन्टमध्ये क्वालिटीचं काम बघत. तेही कॅलाबारचेच. त्यांची ओळख भानुदास गजभिये यांच्यामुळे झाली. भानुदास नागपूरचे, अन्सांच्याच डिपार्टमेंटमधले, वयाने प्रतापरावांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान.

"अरे, म्हणजे तुम्ही दोघे एकच की!" प्रतापराव एका बार्बेक्यूला एफिओम आणि अन्सांना शेजारी उभं करून म्हणाले.

दोघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. आपल्याकडे एखाद्याला जोशी समजून हाक मारावी आणि तो निघावा देशपांडे, तेव्हा तो जसा बघतो तसं.

"मी एफिक आहे," एफिओम म्हणाले.

"मी क्वा," अन्सा म्हणाले. "ते आमचे पाहुणे. होडीतून आले, रात्रीपुरती जागा मागितली. आम्ही माणुसकीने नदीकाठ दाखवला. अजून उठलेले नाहीत."

"आम्ही आलो तेव्हा हे टेकडीवर झाडीत शिकार करत होते," एफिओम हसून म्हणाले. "शहर आम्ही केलं. जहाजं आमच्या धक्क्याला लागली. शाळा आमच्याकडे, टोप्या आमच्याकडे."

"टोप्या तुमच्या, जमीन आमची. टोपी उडून गेली तर पडणार कुठे?"

एका शहरात जमाती दोन, राजेही दोन, एक एफिकांचा आणि एक क्वांचा. बिबट्याच्या नावाची जुनी गुप्त संघटना दोघांकडे. ती जंगलातून आली आणि तुम्ही ती आमच्याकडून घेतलीत, असं क्वा म्हणणार. तुमच्याकडे नुसता बिबट्या होता, त्याला शिस्त आम्ही लावली, असं एफिक म्हणणार. पालेभाजी आणि सुकी मासळी घालून केलेलं घट्ट सूप दोघांच्या घरी शिजतं आणि दोघंही ते आपलंच म्हणतात. उत्तराकाकूंनी ते बघितलं होतं. "आपल्या अळूच्या फदफद्यासारखं दिसतं," त्या म्हणाल्या होत्या, "पण त्यात काहीतरी माझ्याकडे बघत होतं."

भाषेवरून तर रोजचं होतं.

"यांची भाषा आम्हाला येते, आमची यांना येत नाही," अन्सा म्हणत. "मग शहाणं कोण?"

"आमची भाषा सगळ्या शहराला शिकावी लागली," एफिओम म्हणत. "मग शहर कोणाचं?"

प्रतापराव घरी येऊन पोट धरून हसले. "उत्तरा, तीनशे वर्षं! तीनशे वर्षं हे पहिला कोण आला यावर भांडतायत! आणि दिसतात तर अगदी सारखे. आपलं बघ, आपण सगळे मराठी. संपलं."

"संपलं काय? परवा तुम्ही भानुदासला काय सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

परवा झालं होतं ते असं. मंडळ दरवर्षी कॅलेंडर छापायचं, आणि त्यात कुठले सण छापायचे हे ठरवायचे प्रतापराव. भानुदास घरी येऊन म्हणाले होते, "मोघेकाका, यंदा चौदा एप्रिल टाका ना जी. बाबासाहेबांची जयंती. आम्ही पंचवीस-तीस घरं आहोत इथं. दरवर्षी लायब्ररीची खोली भाड्यानं घेऊन करून राहिलो." प्रतापरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि कळवळून म्हणाले होते, "अरे भानुदास, हे जातीपातीचं इथे कशाला आणायचं? मंडळ सांस्कृतिक आहे." त्या कॅलेंडरात परशुराम जयंती ठळक अक्षरात होती. ती सांस्कृतिक होती.

"तो विषय वेगळा," प्रतापराव काकूंना म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तर शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात असं झालं, की एफिओमचा मुलगा बॅसी आणि अन्सांची मुलगी पेशन्स यांनी लग्न करायचं ठरवलं. मुलं मिशिगनची. दोघंही कॉलेजात बास्केटबॉल बघायला जात आणि कॅलाबारच्या भांडणाला 'दॅट थिंग' म्हणत. घरच्यांची ना नव्हती. पण वडीलधारे आल्याशिवाय आणि त्यांच्या हातून पूर्वजांच्या नावाने जमिनीवर पेय ओतल्याशिवाय बोलणी पक्की होत नसत. त्यासाठी दोन म्हातारे विमानाने आले. एफिओमचे मामा आर्चिबाँग, काळी टोपी, चांदीच्या मुठीची काठी, कमरेला लांब वस्त्र, गळ्यात स्कार्फ. आणि अन्सांचे काका एन्डोमा, बुटके, काळेकुट्ट, अनवाणी बसायची सवय, आवाज ढोलासारखा. मामा एफिक आणि काका क्वा, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिलं ओतायचं कोणी, हाच प्रश्न होता. जमिनीचा मालक पहिलं ओततो, असा नियम. आणि जमिनीचा मालक कोण, यावर तर सगळी हयात गेलेली.

भानुदासने प्लॅन्टमध्ये अन्सांना विचारलं, "मग आता?"

"आता जोरात भांडण होईल," अन्सा डोळे मिटून म्हणाले, जसं आपण 'आता जोरात पाऊस येईल' म्हणतो तसं.

भानुदासने हे सहज प्रतापरावांना सांगितलं, आणि तिथेच चूक झाली. प्रतापराव उठून बसले. अन्सांचं घर लहान होतं, एफिओमच्या घरी बसायला क्वा तयार नव्हते. प्रतापरावांनी आपलं बेसमेंट देऊ केलं. मोठं, नुकतंच नवीन कार्पेट घातलेलं, आणि मुख्य म्हणजे ना एफिकांचं ना क्वांचं. दोन्ही घरं आनंदाने हो म्हणाली.

शनिवारी सकाळी पेशन्स स्वतः येऊन भेटली. "अंकल, प्लीज," ती म्हणाली, "मंगळवारी दोघांची फ्लाइट आहे. त्याआधी ओतलं गेलं नाही तर लग्न नाही. माझी मावसबहीण अशीच राहिली. तुम्ही फक्त जागा द्या, ओके?"

'फक्त' हा शब्द प्रतापरावांच्या कानावर पडला, पण आत गेला नाही. "डोंट वरी, बेटा. मी आहे ना."

उत्तराकाकूंची एकच अट होती. "तुमची शांतता परिषद करा, माझी हरकत नाही. पण मासळी शिजणार ती गॅरेजमध्ये. आणि कार्पेटवर दारू सांडली तर तुम्ही पुसाल."

दुपारी दोन्ही बाजूंचे मिळून चाळीसेक लोक बेसमेंटमध्ये बसले. भानुदास आणि त्यांची पत्नी उपासना अन्सांकडून आले होते. एफिओमच्या बहिणीने मोठाल्या फुलांचा घोळदार झगा घातला होता. तिच्याकडे बघून काकू पुटपुटल्या, "आमच्या पैठण्या गेल्या कपाटात." मध्ये एक टेबल, त्यावर जिनची बाटली आणि वाडग्यात कोलानट, म्हणजे तिकडची पानसुपारीच. मागचं दार उघडलं की अंगण, म्हणजे ओतायला माती.

मामा उठले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मी आलो आहे, तर मीच ओततो. आमच्या धक्क्याला पहिलं जहाज लागलं तेव्हा या एन्डोमाचे आजोबा झाडावर बसून बघत होते, की हे पाण्यात घर कसं तरंगतं."

एन्डोमाकाका उभे राहिले. "हो, झाडावरच होते! झाड आमचं होतं! आणि होडीतून उतरून तुझे आजोबा ज्या मातीवर लोळले, तीही आमची. तू ओतणार? ओत. पण आधी माती आण, तुझी. होडीत भरून आण!"

क्वांच्या बाजूने आरोळी उठली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माती तुझी, पण तुझ्या मातीला नाव कोणी दिलं? लिहायला कोणी शिकवलं?"

"आम्ही झाडांवर, कापडांवर चिन्हं काढत होतो तेव्हा तुम्ही मासे मोजत होता!"

आवाज वाढत चालला. काका ढोलासारखे, मामा तुतारीसारखे. मामांनी काठी आपटली, काकांनी पाय आपटला. एफिओम 'बरोबर! बरोबर!' म्हणत होते. अन्सा खुर्चीवरून अर्धे उठले होते. कोपऱ्यात बॅसी आणि पेशन्स एकमेकांचा हात धरून, माना खाली घालून बसले होते. खांदे हलत होते. प्रतापरावांना वाटलं रडतायत.

त्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर वैद्य उठताना दिसले, श्रीखंडाचा डबा जाताना दिसला. ते धावत वर गेले आणि शालींची बॅग व दोन नारळ घेऊन धापा टाकत खाली आले.

"जंटलमेन! जंटलमेन, प्लीज!"

सगळे थांबले. हा प्रकार सगळ्यांनाच नवीन, म्हणून थांबले.

"भांडायचं कशाला?" प्रतापराव आवाजात मध ओतून म्हणाले. "मी ना इकडचा ना तिकडचा. मला तुम्ही दोघं एकच. आज आपण सन्मानाने हा विषय संपवू. आमच्या पद्धतीने." आणि वयाने मोठे, उंच आणि टोपीवाले म्हणून त्यांनी मामांच्या खांद्यावर पहिली शाल घातली, हातात नारळ दिला, आणि घसा खाकरून जाहीर केलं, "कॅलाबारचे प्रथम नागरिक, श्री. आर्चिबाँग!" टाळ्यांसाठी हात पुढे केले. टाळी त्यांची एकट्याचीच वाजली.

एन्डोमाकाकांनी बूट जवळ ओढले. मघापासून अनवाणी बसलेला माणूस शांतपणे बूट घालू लागला, तेव्हा अन्सांचा चेहरा पडला. क्वांच्या बायका पर्स उचलू लागल्या.

"काका, दुसरी शाल तुमचीच आहे!" प्रतापराव त्यांच्यामागे नारळ घेऊन धावले. "नंबर दोन!"

"न्यायाधीशाने निकाल दिला," काका म्हणाले. "आता बोलायला काही उरलं नाही. अन्सा, मला विमानतळावर सोड."

प्रतापरावांनी आशेने मामांकडे बघितलं. निदान एक बाजू तरी खूश असेल. मामांनी शाल खांद्यावरून काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला. "मी साठ वर्षं या माणसाशी हे भांडण लढतोय," ते म्हणाले. "आणि तू मला ते भिकेसारखं देतोस? जिंकलेलं नाही, दिलेलं? एफिओम, माझी टोपी. डोक्यावर आहे? ठीक, चल."

आणि मग पेशन्स खरंच रडली. "अंकल, व्हॉट डिड यू डू? दॅट वॉज द फन पार्ट!"

प्रतापरावांना काही कळेना. जिन्याच्या पायरीवर बसलेल्या भानुदासने त्यांना बाजूला ओढलं. "मोघेकाका, अन्सानं आत्ता सांगितलं मले. या दोन घरांत लग्न म्हणलं की आधी हेच. पोटभर भांडायचं, एकमेकांचे आजे-पणजे काढायचे, गळा बसेपर्यंत. मग कुणीतरी हसते आणि ओतते. आपल्याकडे जावई रुसत नाही का मांडवात? तुम्ही रुसलेल्या जावयाले 'बरं, जा' म्हणून राहिले!"

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं का? तुम्ही शाल आणली."

तेवढ्यात मामांची काठी प्रतापरावांच्या छातीपाशी आली. मारायला नव्हे, नुसती दाखवायला. "तू म्हणालास आम्ही दोघे एक. बरं. हा जिन्यावरचा माणूस तुझ्याच देशाचा ना? तुम्ही दोघे कोण?"

"एकच!" प्रतापराव हर्षाने म्हणाले. इथे त्यांना ठाऊक असलेला प्रश्न आला होता. "आम्ही दोघेही मराठी. अगदी एक!"

"एक?" भानुदास मराठीतच म्हणाले. "काका, एक म्हणता? मग मी पोहे खायले आलो तेव्हा गावात घर कुठल्या बाजूला विचारलं ते काऊन?"

"अरे, ते आपलं सहज..."

"मी सांगितलं तसं तुम्ही बशी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या तिघांनी फोन करून विचारलं, 'तुम्ही ते का?' सहज पसरलं वाटते."

"भानुदास, माणसं आहेत इथे!"

"माणसंच तर आहेत जी! आम्ही आमचा एक सण मागितला की तुम्ही म्हणता जातपात. तुमचा परशुराम सांस्कृतिक, आमचे बाबासाहेब राजकारण. आणि वर म्हणता एकच!"

उत्तराकाकू जिन्यावरून म्हणाल्या, "बोल रे बाबा, बोल. मी इतकी वर्षं बोलतेय." प्रतापरावांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं घरच्याच माणसाने पायाखालचं कार्पेट ओढून घेतलं.

बेसमेंटमध्ये आता कोणी जायला निघत नव्हतं. एन्डोमाकाका एक बूट पायात, एक हातात, उभेच. "काय म्हणतो तो? सांगा!" ते ओरडले. उपासनाने शब्दन् शब्द इंग्रजीत करून सांगितला, फोनसकट, परशुरामासकट. मामा आणि काका दोघांचे चेहरे हळूहळू उजळत गेले.

"यांच्याकडेही आहे!" काका मामांना म्हणाले.

"आहे, आहे," मामा म्हणाले, आणि भानुदासकडे वळले. "मला सांग, तुमच्यात पहिला कोण आला? तू की हा?"

"ते अजून ठरायचं आहे, आजोबा," भानुदास म्हणाले. "तुमचं तीनशे वर्षं चाललंय. आमचं हे अजून सुरूच होऊ देत नाहीत. सुरू केलं की म्हणतात, आपण सगळे एकच, आणि शाल घालतात."

दोन्ही म्हातारे एकमेकांकडे बघून इतके हसले, की मामांना काठी टेकावी लागली आणि काकांच्या हातातला बूट पडला. "भांडण बंद असलेलं घर!" काका डोळे पुसत म्हणाले. "बिचारे! मग यांची लग्नं होतात तरी कशी?"

"म्हणून तर हा दुसऱ्यांच्या भांडणात येतो," मामा म्हणाले. "घरचं मिळत नाही."

प्रतापराव कसेबसे हसायचा प्रयत्न करत होते. तो प्रयत्न फसला, कारण त्यानंतर लगेच दंड ठरला. वडीलधाऱ्यांच्या वादात तिसऱ्याने तोंड घातलं तर दंड असतोच, हे दोन्हीकडे मान्य होतं, आणि दोन्हीकडे मान्य असलेली ही त्या दिवसातली पहिली गोष्ट. दंड म्हणजे एक बोकड. जिवंत. पुढचं कापायचं-शिजवायचं एन्डोमाकाकांच्या माणसांनी बघायचं की आर्चिबाँगमामांच्या, यावरून दोघांत जुंपली. बोकड टेकडीवरचा प्राणी, म्हणून क्वांचा. बोकड बाजारातून येतो आणि बाजार आमचा, म्हणून एफिकांचा. बघता बघता जमीन, होडी, झाड आणि टोपी सगळं परत आलं. काकांनी पडलेला बूट उचलून भिरकावला आणि दुसराही काढला. पेशन्स डोळे पुसून हसायला लागली.

"पण आम्ही शाकाहारी आहोत," प्रतापराव हळूच म्हणाले.

"बोकडसुद्धा आहे," अन्सा म्हणाले.

सोमवारी प्रतापरावांनी ऑफिसातून सुट्टी काढली. बोकड आणायला भानुदास सोबत निघाले, कारण शेताचा पत्ता त्यांनाच माहीत होता. येताना मिनीव्हॅनमध्ये बोकड मागच्या सीटवर, त्या सीटची रेघ प्रतापरावांनीच काढलेली. तो तिचं कव्हर चावत होता. अर्धा रस्ता सरला. मग प्रतापराव म्हणाले, "तू सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतंस."

"मग कुठं बोलायचं होतं? लायब्ररीच्या खोलीत?"

आणि मग तिथून ट्रॉयपर्यंत दोघे भांडले. खरंखुरं, मराठीत, घसा ताणून. आजोबा निघाले, विहिरी निघाल्या, शाळेतली बाकं निघाली. प्रतापराव म्हणाले, माझ्या वडिलांनी कधी कोणाला दुखावलं नाही. भानुदास म्हणाले, दुखावलं नसेल, पण घरात पाऊल टाकू दिलं होतं का? प्रतापरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एक्झिट चुकवली. बोकड मध्ये मध्ये आवाज देत होता, आणि तो कोणाच्या बाजूचा हे कळत नव्हतं.

घराच्या ड्राइव्हवेत गाडी थांबली तेव्हा प्रतापरावांचा आवाज बसला होता. "ठीक आहे," ते घोगरं म्हणाले. "चौदा एप्रिलचं मी कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटी म्हणजे तुम्हीच ना जी?"

"...म्हणजे ठेवतो की!"

भानुदास हसले नाहीत. "ठेवा. मी तिथं येऊन भांडतो," म्हणाले, आणि बोकडाचा दोर धरून उतरले.

संध्याकाळी अंगणात सगळे पुन्हा जमले. ऊन उतरायला लागलं तरी मामा आणि काका थांबत नव्हते. मामांचा गळा बसला, काकांचा ढोल फुटला. शेवटी काकांनी मामांच्या पणजोबांबद्दल असं काही सांगितलं, की मामांच्या तोंडून हसू सुटलं, आणि हसलेला हरला असं तिथल्या मंडळींत ठरलेलं असावं, कारण बाटली काकांच्या हातात गेली. मात्र मामांनी झाकण स्वतः काढलं, आणि कोणती बाटली हेही स्वतः ठरवलं. ओतणारा क्वा, ओतलं एफिकाचं. जमिनीवर धार पडली, गवताने पिऊन टाकली, बायकांनी लांब किंकाळीसारखी आनंदाची हाक दिली. लग्न डिसेंबरात, असं ठरलं. पेशन्सने बॅसीला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि मग उत्तराकाकूंना मारली, काकूंच्या साडीचा पदर तिच्या बांगडीत अडकला.

प्रतापरावांचे डोळे भरून आले. एवढा प्रसंग, आणि दोन शब्द बोलायचे नाहीत? ते पुढे झाले, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभे राहिले, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. "पाहिलंत?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो! शेवटी तुम्ही दोघे एकच!"

"नाही!" मामा आणि काका एकदमच ओरडले.

दोघांनी त्यांचे हात खांद्यांवरून काढले. मग काका मामांकडे बघत म्हणाले, "दुसरा बोकड."

"दुसरा," मामा म्हणाले. "लग्नाच्या दिवशी. आणि या वेळी मोठा."

उत्तराकाकूंनी भानुदासकडे बघितलं. "त्या शेतवाल्याचा फोन नंबर देऊन ठेव रे," त्या म्हणाल्या. "हे काही सुधारायचे नाहीत."